घरच्या प्रिंटरवर फोटोचे रंग जसेच्या तसे कसे आणायचे?

सांजसावल्या

नमस्कार मंडळी,

फोटो घरीच छापायला सुरुवात केलीय. प्रिंटर खास फोटोसाठीचा आहे, सहा रंगांचा, कागद ग्लॉसी आणि त्याच कंपनीचा. पण लॅपटॉपवर जे दिसतं ते कागदावर उतरत नाही. नेमकं काय होतंय ते सांगते म्हणजे अंदाज येईल.

सगळ्यात पहिलं म्हणजे प्रिंट अंधारी येते. सावलीतला भाग, काळे केस, गडद कपडे यातलं काहीच सुटं दिसत नाही, सगळा एकच काळा ठोकळा. दुसरं, संध्याकाळचं गर्द निळं आकाश कागदावर जांभळं होतं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं, ते म्हणजे माणसांचे चेहरे. गव्हाळ रंग पार विटकरी होऊन येतो. त्यात भर म्हणजे तीच प्रिंट सकाळी खिडकीपाशी वेगळी दिसते आणि रात्री दिव्याखाली वेगळी.

प्रिंटरच्या सेटिंगमधला ब्राइटनेस वाढवून बघितला, तर सावल्या सुटल्या पण ढग पांढरेफटक पडले. कॅलिब्रेशनचं यंत्र माझ्याकडे नाही. ते घेतल्याशिवाय रंग जुळतच नाहीत का, की त्याआधी घरच्या घरी तपासण्यासारखं बरंच काही आहे? मला नुसते छान रंग नकोत, खरे हवेत. आजीचा चेहरा आजीचाच दिसला पाहिजे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

ठिपका

प्रकाश टाकायला हरकत नाही, पण तो ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) लागेल, साधा चालणार नाही :)

वाचनखूण साठवली आहे, मलाही हेच विचारायचं होतं.

कॅमेरावाला

लॅपटॉपचा ब्राइटनेस किती ठेवता? पूर्ण असेल तर आधी तो उतरवा. अंधाऱ्या प्रिंटची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची प्रिंट ठीकच असते, पडदा भगभगीत असतो. तुम्ही त्या भगभगीत पडद्यावर बघत फोटो एडिट करता, तो तिथे उजळ दिसतो म्हणून फाइल मुळातच गडद राहते, आणि प्रिंटर बिचारा फाइलमध्ये आहे तेच छापतो.

आणि नाइट मोड, ऑटो ब्राइटनेस, खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढरा रंग बदलणारं जे काही असेल ते सगळं बंद. एडिट करताना पडदा स्वतःहून रंग बदलत असेल तर पुढचं काहीच बोलण्यात अर्थ नाही.

शाईदौत

बाकी सगळं नंतर, आधी नोझल चेक काढा, म्हणजे शाई सोडणारी छिद्रं बुजली आहेत का याची चाचणी. साध्या कागदावर निघतो, दोन मिनिटांचं काम. प्रत्येक शाईचा एक जिना किंवा जाळी छापली जाते, तिच्यातली एकही रेघ तुटलेली असता कामा नये. उजेडात नीट धरून बघा, कारण पिवळ्या शाईच्या तुटलेल्या रेघा पटकन दिसतच नाहीत, आणि फिकट निळीच्याही सहज नजरेतून सुटतात.

तुमचा प्रिंटर सहा रंगांचा म्हणजे नेहमीच्या सायन, मजेंटा, पिवळा, काळा या चार शायांबरोबर फिकट सायन आणि फिकट मजेंटाही असणार. चेहऱ्यावरचे मधले आणि उजळ टोन बऱ्याच अंशी त्या फिकट शायांवरच उभे असतात. फिकट सायनची काही छिद्रं बुजली की त्वचा लालसर होते आणि गडद रंग मात्र ठीक दिसतात, म्हणून माणूस प्रिंटरवर संशय न घेता सॉफ्टवेअरमध्ये खटपट करत बसतो. तुमचं विटकरीपणाचं लक्षण ऐकून मला पहिली शंका हीच आली.

रेघा तुटलेल्या असतील तर हेड क्लीनिंग करा, पण लागोपाठ करत सुटू नका, त्यात भरपूर शाई जाते. एकदा करा, पुन्हा नोझल चेक, फरक पडला नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा, वाळलेली शाई कधीकधी आपोआप सैल होते. आणि आठवड्यातून एकदा तरी एखादी रंगीत प्रिंट काढत जा.

मनमौजी

मी इतकी वर्षं यातलं काहीही न करता छापतोय. छोटी प्रिंट काढायची, बघायची, अंधारी असेल तर फाइल थोडी उजळ करायची, लाल असेल तर लाल कमी, पुन्हा छोटी प्रिंट. जमली की मोठी. डोळा हेच खरं यंत्र. ते कॅलिब्रेशन वगैरे छपाई कारखान्यांसाठी ठीक, घरी त्याची काही गरज नाही.

रंगारी_बुवा

@मनमौजी, तुमची पद्धत चालते, नाकारत नाही, पण ती एका प्रिंटरला, एका शाईला, एका कागदाला आणि एका पडद्याला बांधलेली असते. त्यातलं एक बदललं की सगळा हिशेब पहिल्यापासून. आणि सांजसावल्यांचं म्हणणं खऱ्या रंगांचं आहे. पडदाच खोटं बोलत असेल तर आपण खरं कशाला म्हणायचं हेच ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. थोडं लांबेल.

पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद अंगावर पडलेला प्रकाश परत पाठवतो. पडद्यावर लाल-हिरवा-निळा मिसळून रंग तयार होतात, काहीच प्रकाश नसला की काळं. कागदावर उलट, पांढऱ्या कागदातून शाई प्रकाश खात जाते. त्यामुळे दोन्हींची ताकद सारखी नसते. साध्या पडद्याचा कॉन्ट्रास्ट १०००:१ सहज असतो, चांगल्या ग्लॉसी प्रिंटचा २००:१ च्या आसपास, आणि मॅट कागदाचा तर ४०-५०:१ इतकाच. म्हणजे पडद्यावर सावलीत जे बारकावे दिसतात ते सगळेच्या सगळे कागदावर येणं शक्यच नसतं, ते कमी जागेत नीट बसवावे लागतात. बसवायचं काम प्रोफाइलचं, म्हणजे त्या प्रिंटर-शाई-कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेल्या फाइलचं.

ब्राइटनेसबद्दल कॅमेरावाला यांना अनुमोदन. नवा मॉनिटर बरेचदा २५०-३०० कॅन्डेलावर (पडद्याच्या उजेडाचं माप) लावलेला येतो आणि प्रिंटशी जुळवायचं तर तो ८० ते १२० कॅन्डेलाच्या दरम्यान लागतो. यंत्र नसेल तर असं करा. कोरा फोटो कागद पडद्याशेजारी धरा, ज्या उजेडात तुम्ही प्रिंट बघणार आहात तोच दिवा त्यावर पडू द्या, आणि पडद्यावर पूर्ण पांढरी खिडकी उघडा. पडद्याचा पांढरा आणि कागदाचा पांढरा साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत आणा. सुरुवातीला पडदा मरगळलेला वाटेल, डोळे सरावतात. मग त्याच पडद्यावर जुनी फाइल उघडा, ती अंधारी दिसेल, म्हणजे प्रिंटसारखीच दिसेल. अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

आता विटकरी चेहऱ्यांबद्दल. शाईदौत म्हणतात ते तपासाच, पण दुसरा मोठा संशयित म्हणजे रंगांचं दुहेरी व्यवस्थापन. प्रिंट देताना एकतर सॉफ्टवेअरने रंग सांभाळायचे किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरने (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम), दोघांनी मिळून नाही. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही कागदाचं प्रोफाइल निवडलं आणि ड्रायव्हरही आपल्या परीने रंग सुधारत बसला तर तो प्रकार चष्म्यावर चष्मा चढवण्यासारखा होतो. त्याची ठळक खूण म्हणजे चेहरे लालसर किंवा मजेंटाकडे झुकलेले येतात. सॉफ्टवेअर रंग सांभाळणार असेल तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद हवं. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये त्याला 'नो कलर ॲडजस्टमेंट' म्हणतात, कॅननमध्ये कलर मॅचिंगला 'नन' निवडायचं. ड्रायव्हर अपडेट झाला की ही निवड गुपचूप पुन्हा ऑटोवर जाऊ शकते, म्हणून दर वेळी नजर टाकायची.

उन्हाळपाखरू

मी तर फोनवरूनच प्रिंट देते, तिथे यातलं काहीच दिसत नाही. मग?

कॅमेरावाला

@उन्हाळपाखरू, फोनवरून दिलेल्या प्रिंटमध्ये तुम्हाला प्रोफाइल निवडता येत नाही, सगळा कारभार प्रिंटरकडे. शिवाय हल्लीच्या फोनचे पडदे फार भडक आणि फार उजळ असतात, त्यांच्याशी प्रिंट ताडून बघू नका. पटकन द्यायच्या फोटोला चालेल. नीट छापायचं तर फाइल संगणकावर घ्या.

एक मात्र फोनवरूनही जमतं, कागदाचा प्रकार बरोबर निवडणं. ग्लॉसी कागद घालून सेटिंगमध्ये 'साधा कागद' राहिलं की प्रिंटर शाईचं प्रमाणच वेगळं धरतो आणि प्रिंट फिकट आणि ठिपकेदार येते. कागदाचा प्रकार म्हणजे किती शाई ओतायची याची सूचना असते, तिला हलक्यात घेऊ नका.

भिंगरी

आणि कागदाची छापायची बाजू! मॅटमध्ये दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. ओलसर बोट कोपऱ्यावर टेकवा, किंचित चिकटेल ती शाई धरणाऱ्या थराची बाजू, छापायची.

शाईदौत

भिंगरी +१

अभ्यासू_मी

जांभळ्या आकाशाबद्दल कोणीच बोललं नाही, तो माझा आवडता विषय.

प्रत्येक उपकरणाला दाखवता येणाऱ्या रंगांची एक हद्द असते, तिला गॅमट म्हणतात. पडद्यावरचा एकदम गर्द, चमकदार निळा या प्रिंटरच्या हद्दीबाहेर असतो. तुमच्या प्रिंटरकडे निळी शाई नाही, सायन आणि मजेंटा एकमेकांवर टाकून तो निळा बनवतो. गडद निळ्यासाठी मजेंटा बराच टाकावा लागतो, आणि प्रमाण जरा इकडचं तिकडे झालं की जांभळा. म्हणून हा रंग सगळ्यांनाच छळतो.

उलट बाजूने, चांगल्या ग्लॉसी कागदावर काही सायन-हिरवे आणि पिवळे असे येतात जे एसआरजीबीत मावतच नाहीत. एसआरजीबी ही १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेली कलर स्पेस, म्हणजे रंगांची ठरवून दिलेली जागा, त्या काळच्या साध्या मॉनिटरला धरून आखलेली. नंतर १९९८ ची ॲडोबी आरजीबी आली, तिच्यात हे सायन-हिरवे बऱ्यापैकी मावतात. कॅमेऱ्यातून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढत असाल तर एडिट करताना मोठी जागा ठेवणं फायद्याचं आहे, फक्त फाइल सेव्ह करताना प्रोफाइल आत जोडायला विसरायचं नाही. प्रोफाइल न जोडलेली ॲडोबी आरजीबी फाइल पुढच्या सॉफ्टवेअरने एसआरजीबी समजून उघडली की रंग मेलेले दिसतात.

हद्दीबाहेरच्या रंगाचं काय करायचं हे रेंडरिंग इंटेंट ठरवतं. फोटोसाठी दोनच कामाचे. परसेप्च्युअल सगळे रंग एकमेकांचं नातं सांभाळत आत ओढतो, त्यामुळे आत असलेलेही थोडे फिके होतात. रिलेटिव्ह कलरीमेट्रिक आत असलेल्यांना हात लावत नाही, बाहेरच्यांना तेवढं हद्दीच्या काठावर आणून बसवतो. चेहऱ्यांचे फोटो असतील तर मी दुसरा घेतो, कारण त्वचेचे रंग बहुतेक वेळा हद्दीच्या आतच असतात आणि त्यांना कशाला धक्का लावायचा. त्याबरोबर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलमधला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारी सोय) चालू ठेवायचं, नाहीतर सावल्या बुडतात. गर्द फुलं, निऑन दिवे, असलं आकाश अशा फोटोंना परसेप्च्युअल लावून बघा.

आणि हे सगळं कागद वाया न घालवता आधी बघता येतं. सॉफ्ट प्रूफ म्हणून सोय फोटोशॉप, लाइटरूम, मोफत मिळणारं डार्कटेबल या सगळ्यांत आहे. कागदाचं प्रोफाइल निवडायचं, मग पडदा दाखवतो की प्रिंट अंदाजे कशी येईल, आणि हद्दीबाहेरचे भाग वेगळ्या रंगात उठून दिसतात. आकाशाचा फक्त निळा निवडून त्याची सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडी खाली आणा, ह्यू (छटा) किंचित सायनकडे सरकवा. पूर्ण फोटोची सॅच्युरेशन कमी करू नका.

मनमौजी

अभ्यासू, प्रतिसाद आवडला, पण शेवटी तुम्हीही डोळ्यानेच निळा सरकवताय ना :) मग माझं काय चुकलं?

अभ्यासू_मी

काहीच नाही. फरक एवढाच की मी तो पडद्यावर सरकवतो, तुम्ही कागद खर्चून सरकवता.

बिनरंगी

मनमौजींच्या बाजूने थोडं बोलतो. मी रंगीत डार्करूममध्ये काम केलेला माणूस आहे. तिथे पडदा नव्हताच. एनलार्जरखाली पिवळ्या आणि मजेंटा फिल्टरचं प्रमाण बदलत चाचणीच्या पट्ट्या काढायच्या, मधे मूळ प्रिंट ठेवून भोवती थोडी लाल, थोडी हिरवी, थोडी निळी, थोडी पिवळी अशा प्रिंटा मांडायच्या. त्याला रिंग-अराउंड म्हणायचे. त्यातून डोळा असा तयार व्हायचा की नुसतं बघून सांगता यायचं, मजेंटा पाच युनिट जास्त आहे. हे शिक्षण कुठलंही यंत्र देत नाही. घरच्या प्रिंटरवर एकदा तरी करून बघा, एकाच कागदावर लहान लहान नऊ चित्रं मांडून. रंगाचा झुकाव ओळखता यायला लागतो.

पण तेव्हाही एक शिस्त होती जी मनमौजींनी सांगितली नाही. प्रत्येक रोलच्या सुरुवातीला राखाडी कार्डाचा एक फोटो असायचा. चेहरा बघून रंग ठरवायचा नाही, कारण चेहऱ्याच्या बाबतीत डोळा आठवणीवर विसंबतो. राखाडी पट्टा आधी राखाडी आणायचा, मग चेहरा आपोआप जागेवर येतो. सांजसावल्या, आजीचा पुढचा फोटो काढाल तेव्हा त्याच उजेडात राखाडी कार्ड धरून एक जास्तीचा फोटो घ्या. व्हाइट बॅलन्स तिथून उचला. मूळ फाइलमध्येच रंग खरा नसेल तर प्रिंटर तो कुठून आणणार?

ठिपका

बिनरंगी काका, दंडवत. डार्करूमवर वेगळा धागा काढा ना.

कागदकाच

सकाळी वेगळी, रात्री वेगळी, याचं उत्तर राहिलं.

याची दोन कारणं. पहिलं कागदात. बऱ्याच पांढऱ्याशुभ्र फोटो कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कागद जास्त पांढरा भासतो. खिडकीच्या उजेडात अतिनील असतं, म्हणून तिथे प्रिंट गार, निळसर पांढरी. घरातल्या एलईडी दिव्यांत ते जवळजवळ नसतंच, म्हणून रात्री तोच कागद पिवळट. कालांतराने ब्राइटनर दमतात आणि कागद आपल्या मूळ रंगावर येतो. जपून ठेवायच्या प्रिंटसाठी ब्राइटनर नसलेला कागद घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. तो सुरुवातीला किंचित मलईसर वाटतो, पण दिवा बदलला म्हणून रंग बदलत नाही.

दुसरं कारण दिव्यात. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात, याला मेटामेरिझम म्हणतात. दिव्याच्या पाकिटावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा. ८० च्या आसपासच्या एलईडीत गडद लाल फार कमी असतो, आणि त्वचेच्या रंगाला नेमका तोच लागतो. ९० च्या वरचा दिवा घ्या, ९५ मिळाला तर उत्तमच. ठिपका यांनी गमतीत ५००० केल्विन म्हटलं पण ते अगदी बरोबर आहे. प्रिंट बघण्याच्या आयएसओ ३६६४ या मानकात डी५० म्हणजे साधारण ५००० केल्विनचाच प्रकाश धरलाय. तिथे बारीक तुलनेसाठी २००० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि घरात लावल्यावर प्रिंट कशी दिसेल हे बघायला ५०० लक्स अशा दोन पातळ्या आहेत. कित्येक घरांत रात्री १०० लक्ससुद्धा नसतात, तिथे कुठलीही प्रिंट अंधारीच दिसणार.

म्हणून माझं म्हणणं, प्रिंट कुठल्या भिंतीवर लागणार ते आधी ठरवा. तिथला दिवा पिवळट आणि मंद असेल तर त्या जागेसाठी थोडी उजळ प्रिंट काढण्यात काहीही खोटेपणा नाही. बघणारा ती तिथेच बघणार आहे.

रंगारी_बुवा

कागदकाच, शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. एक प्रमाण प्रिंट तयार हवी, जी चांगल्या उजेडात बरोबर दिसते. मग भिंतीसाठी हवी तर वेगळी प्रत काढा. भिंतीनुसार मूळ फाइल बदलायला लागलात तर पुढच्या वर्षी दिवा बदलला की काय करणार?

कागदकाच

मूळ फाइल बदला असं म्हटलंच नाही. प्रतच वेगळी. तेवढ्यापुरतं आपलं एकमत आहे.

भिंगरी

थोडं अवांतर होईल पण शाईबद्दल विचारते. मी टाकीवाल्या प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीची शाई वापरते. कंपनीचं प्रोफाइल लावलं की सगळं हिरवट येतं. शाईच खराब का?

शाईदौत

शाई खराबच असेल असं नाही. प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून असतं. शाई बदलली की कंपनीचं तयार प्रोफाइल त्या तिघांचं राहिलंच नाही, ते दुसऱ्याच कुणाचं. त्या शाईसाठी वेगळं प्रोफाइल बनवून घेतलं तर रंग व्यवस्थित जुळू शकतात. टिकाऊपणाचा प्रश्न निराळा, तिथे मी मूळ शाईच्या बाजूने आहे. आणि अर्धी टाकी एकाची, वरून दुसऱ्याची असं मिसळू नका, मग कुठलंच प्रोफाइल लागू पडत नाही.

आणखी एक, डाय प्रकारची (विरघळलेल्या रंगाची) शाई वाळताना रंग बदलते. प्रिंट बाहेर आल्या आल्या निकाल देऊ नका, विशेषतः गडद भागांवर. किमान तासभर थांबा, अगदी नेमकं जोखायचं असेल तर दुसऱ्या दिवशी बघा. पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई लवकर स्थिरावते.

सांजसावल्या

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. सांगितलं तसं एकेक करून पाहिलं.

नोझल चेकमध्ये फिकट सायनच्या जाळीत डाव्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक रेघा गायब होत्या. नुसत्या बघून कळल्या नाहीत, खिडकीशी तिरपा धरला तेव्हा दिसल्या. क्लीनिंगनंतर आल्या. ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट ऑटोवर होतं, ते बंद केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ग्लॉसी कागदाचं प्रोफाइल निवडलं. त्यानंतरची पहिली प्रिंट दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिली. विटकरीपणा गेला! कपाळावरचा उजळ भाग आणि गालाखालची सावली यांत आता वेगवेगळे रंग दिसतात, आधी सगळं एकाच छटेत लिंपलेलं होतं.

कोऱ्या कागदाशी ताडून ब्राइटनेस उतरवला, तो जवळजवळ एक तृतीयांशावर आला. जुने फोटो त्यावर खरंच प्रिंटइतकेच अंधारे दिसले. सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हने (गडद, मधला, उजळ भाग वेगवेगळा बदलायची सोय) सावल्या तेवढ्या उचलल्या, ढग शाबूत राहिले.

आकाश मात्र अजून पूर्ण पटत नाही. जांभळं नाही, पण पडद्यावरची ती खोली नाही. सॉफ्ट प्रूफमध्ये जवळजवळ सगळंच आकाश हद्दीबाहेर दाखवतंय. आता यंत्र घेऊ का? आणि घ्यायचं तर कुठलं?

रंगारी_बुवा

चेहरे जमले हे वाचून फार बरं वाटलं. आकाशाची ती खोली कुठलंही यंत्र आणणार नाही, ती या कागद-शाईच्या हद्दीत नाहीच. फार तर जास्त खोल काळा देणारा कागद किंवा वेगळी निळी, व्हायोलेट शाई असलेला प्रिंटर.

यंत्राबद्दल. दोन प्रकार असतात. कलरीमीटर फक्त पडद्यासाठी, कॅलिब्राइट आणि डेटाकलरचा स्पायडर ही नावं नेहमी ऐकू येतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर कागदावरचे रंगही मोजतो, त्याने स्वतःचं प्रिंट प्रोफाइल बनवता येतं, पण तो बराच महाग. तुमचा कागद त्याच कंपनीचा आणि शाईही मूळ, म्हणजे तयार प्रोफाइल बऱ्यापैकी बरोबर असणार. म्हणून घ्यायचं तर आधी कलरीमीटर. त्यासोबत डिस्प्लेकॅल आणि आर्गिल सीएमएस ही मोफत सॉफ्टवेअर वापरा. टार्गेट ६५०० केल्विन, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० कॅन्डेलाच्या आसपास.

त्याआधी लॅपटॉपचा पडदा कुठला ते बघा. माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलं असेल तर तो एसआरजीबीचे साधारण दोन तृतीयांशच रंग दाखवतो. अशा पडद्यावर यंत्र लावून थोडाच फायदा, त्याऐवजी आयपीएस प्रकारचा पूर्ण एसआरजीबी दाखवणारा बाहेरचा मॉनिटर घ्या.

मनमौजी

मी अजूनही म्हणेन यंत्र नको. त्यांचे चेहरे यंत्राशिवायच जमले की नाही? नोझल, ड्रायव्हर, ब्राइटनेस, तिन्ही फुकटच्या गोष्टी.

रंगारी_बुवा

हे मान्य. त्याच क्रमाने जावं, आधी फुकटच्या गोष्टी. पण पडद्याचे रंग हळूहळू सरकतात आणि ते डोळ्याला कळत नाही, कारण डोळा रोज त्याच पडद्याशी जुळवून घेतो. म्हणून यंत्राची गरज मला पडद्याच्या बाबतीत पटते, प्रिंटच्या बाबतीत कमी.

अभ्यासू_मी

दुसरी वाट म्हणजे प्रोफाइल बाहेरून बनवून घेणं. रंगांच्या चौकोनांचा एक तक्ता मिळतो, तो कुठलंही कलर मॅनेजमेंट न लावता छापायचा, दिवसभर वाळू द्यायचा आणि पाठवायचा, ते मोजून प्रोफाइल पाठवतात. भिंगरी, तुमच्या शाईला हेच सोयीचं. फक्त तक्ता नेहमीच्या प्रिंटमार्गाने फोटोशॉपमधून छापू नका, मॅनेजमेंट पूर्ण बंद करायची सोय तिथून सीएस५ या आवृत्तीपासून काढून टाकली आहे. त्यासाठी ॲडोबी कलर प्रिंटर युटिलिटी वेगळी मिळते.

उन्हाळपाखरू

संगणकावर घेऊन, कागदाचा प्रकार बरोबर निवडून छापला. फोनवरून दिलेल्यापेक्षा खूपच वेगळा आला. धन्स कॅमेरावाला!

ठिपका

माझा प्रश्न जरा उलटा. रंगीत बरे येतात, पण कृष्णधवल फोटो कधी हिरवट तर कधी गुलाबी दिसतो. फाइलमध्ये तर रंगच नाही!

बिनरंगी

फाइलमध्ये नाही, पण प्रिंटर तो राखाडी रंगीत शाया मिसळूनच बनवतो. राखाडीत जराशी मात्रा हलली तरी डोळ्याला लगेच कळतं, रंगीत चित्रात तेवढीच चूक खपून जाते. त्यात दिवा बदलला की मेटामेरिझम, म्हणून दिवसा हिरवट आणि रात्री गुलाबी.

प्रिंटरमध्ये राखाडी शाया असतील तर ड्रायव्हरमधला कृष्णधवल फोटोचा खास मोड वापरा, तो रंगीत शाया अगदी थोड्या घेतो, फार सुधारतं. राखाडी शाया नसतील तर फक्त काळ्या शाईने छापायच्या फंदात पडू नका, उजळ भागात काळे ठिपके सुटे दिसतात. त्यापेक्षा फाइलला मुद्दाम हलकासा उबदार टोन द्या, सगळीकडे सारखा. किंचित तपकिरी झाक असली की बारीक चढउतार दिसत नाहीत. ठिपका, तुमचा प्रिंटर किती शायांचा आहे ते लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.